टाकी किती भरली?

मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, टाकीत किती पाणी आहे, हा प्रश्न वरकरणी इतका सोपा आहे की भिंतीवर चार दिवे लावून तो गाडी बनवणाऱ्याने कधीच निकालात काढला असेल, असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात आमच्या संडासाच्या टाकीने ‘पूर्ण भरली’ याव्यतिरिक्त दुसरे मत आजवर दिलेले नाही. ती रिकामी करून, धुऊन, हात स्वच्छ करून आत यावे, तरी चारही दिवे ठाम असतात. टाकीच्या भिंतीत ठरावीक उंचीवर धातूचे खिळे बसवलेले असतात आणि पाणी तिथवर चढले की त्यातून वीज वाहून दिवा लागतो. परंतु कागदाचा ओला लगदा भिंतीला चिकटून राहिला, तर पाणी उतरल्यावरही वीज त्याच्यातून वाहते. तो लगदा काढायला आत कोणी जावे, यावर आमच्याकडे चर्चासुद्धा होत नाही.

तेव्हा स्वस्तातला सेन्सर घरीच बनवायचे ठरले. पाण्यावर आपटून परतलेल्या ध्वनीला लागलेला वेळ मोजायचा, हा पहिला विचार. ध्वनी २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो, त्यामुळे हिशेब सोपा आहे. मात्र यातल्या स्वस्त जलरोधक सेन्सरला साधारण २० सेंटीमीटरच्या आतले काही दिसत नाही आणि आमची टाकी मुळातच बुटकी. दुसरा मार्ग दाबाचा: दर १० सेंटीमीटर पाण्यामागे तळाशी जवळजवळ १ किलोपास्कल दाब वाढतो. त्यासाठी टाकीला तळाशी भोक पाडावे लागते. संडासाच्या टाकीला भोक, ही सूचना घरात एकदाच मांडता येते.

उरल्या तांब्याच्या पट्ट्या. प्लॅस्टिकच्या टाकीवर बाहेरून दोन पट्ट्या शेजारी-शेजारी उभ्या चिकटवल्या, की त्यांच्यातली विद्युत धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, पाण्याच्या पातळीबरोबर वाढत जाते, कारण विद्युतक्षेत्राच्या दृष्टीने पाणी हवेच्या सुमारे ८० पट वजनदार असते. धातूच्या टाकीवर हे चालत नाही, पण आमच्या टाक्या प्लॅस्टिकच्या, आणि आत हात घालावा लागत नाही हा गुण मी इतर सर्व गुणांच्या वर मानतो. मोजून बादल्या ओतायच्या आणि प्रत्येक बादलीला ईएसपी३२ (पट्ट्यांचे मोजमाप वाचणारा छोटा, स्वस्त संगणक-बोर्ड) कोणता आकडा दाखवतो ते वहीत टिपायचे. संडासाच्या टाकीची ही मापे स्वच्छ पाण्यावरच घ्यावीत, हा ठराव आमच्या घरात एकमताने संमत झालेला एकमेव ठराव असावा.

गाडी उतारावर उभी राहिली की पाणी एका कडेला जमते आणि पट्ट्या खोटे बोलू लागतात. त्यावर समोरासमोरच्या भिंतींवर पट्ट्यांची एकेक जोडी लावून सरासरी काढणे हा उपाय पुरेसा ठरला. आकडा खरा निघू लागला आणि तिथूनच कटकट सुरू झाली, कारण पिण्याच्या टाकीवरही तीच सोय केल्याने कोणाच्या अंघोळीला किती टक्के पाणी गेले, हे पॅनेलवर सर्वांना दिसते. थोरल्या मुलीच्या मते गाडी उतारावर असल्यामुळेच तिचा आकडा फुगतो. तिला पाणसळ लावून दाखवली; आता तिचा पाणसळीवर विश्वास नाही.