रेक्टर व्हायचंय? या, खुर्ची रिकामीच आहे

तुम्ही विद्यापीठात सहायक प्राध्यापक आहात, नोकरी कायम झालीये, पाठीवर पडलात की झोप लागते, गावात चार माणसं तुमच्याबद्दल बरं बोलतात? मग पदव्युत्तर वसतिगृहाचं रेक्टरपद घ्यायला याहून चांगला मुहूर्त नाही. आमच्याकडे कोकणात या जागेसाठी जाहिरात निघत नाही, मुलाखत होत नाही. मीटिंगला जो उशिरा पोचतो, त्याच्या गळ्यात माळ पडते. एकदा पडली की निवृत्तीपर्यंत निघत नाही, कारण दरम्यान बाकीचे सगळे वेळेवर यायला शिकलेले असतात.

नव्या माणसाला उपयोगी पडतील अशा काही गोष्टी सांगून ठेवतो.

पहिली म्हणजे नियम वाचू नका. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2009 च्या रॅगिंगविरोधी नियमावलीत लिहिलंय की प्रत्येक वसतिगृहाला पूर्णवेळ वॉर्डन (म्हणजे आपला रेक्टरच) असावा, त्याने वसतिगृहात किंवा अगदी लगत राहावं, कोणत्याही वेळी भेटावं आणि त्यासाठी संस्थेने त्याला मोबाइल द्यावा. तुम्ही सकाळची लेक्चरं, दुपारचं प्रॅक्टिकल आणि नॅकच्या, म्हणजे संस्थेला दर्जा देणाऱ्या परिषदेच्या, फाइली उरकून जो वेळ उरेल त्यात पूर्णवेळ असाल. मोबाइल तुमचा, रिचार्ज तुमचा. नंबर तेवढा नियमात म्हटल्याप्रमाणे मजल्यामजल्यावर चिकटवलेला असतो. या एका बाबतीत संस्था काटेकोर.

रात्री दोनला फोन वाजला तर घाबरू नका. बहुतेक वेळा पाणी गेलेलं असतं.

जूनमध्ये पहिल्या सरीला झाड पडतं, झाडाखाली महावितरणची तार येते आणि तारेखाली तुम्ही. जनरेटर आहे. डिझेलची मागणी मार्चमध्येच पाठवलेली आहे. ती लेखा विभागात सुखरूप आहे. तोवर बाथरूममध्ये फुरसं निघालं म्हणून मुलं बाहेर उभी असतात, आणि त्यांच्यातला प्राणिशास्त्राचा संशोधक सगळ्यात मागे.

आंब्याच्या दिवसांत खिडकीबाहेर बघू नये.

वयाचा मान ठेवा. हे पदव्युत्तर वसतिगृह आहे. पीएच.डी. करणारा तिशीतला गृहस्थ, ज्याची मुलगी बालवाडीत जाते, त्याला तुम्ही 'रात्री कुठे होतास रे' असं विचारायचं असतं, कारण बारावी पास पोरांसाठी छापलेली नियमपुस्तिका त्यालाही लागू आहे. मुलींच्या इमारतीत तर विचारूच नका. यूजीसीच्याच 2015 च्या नियमांत स्पष्ट आहे की सुरक्षेचं कारण सांगून मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावू नयेत. आमच्याकडे मुलींचं गेट संध्याकाळी बंद होतं, मुलांच्या गेटला कुलूप आहे की नाही हेच कुणाला आठवत नाही. जिचं कल्चर रात्री दहाला इनक्युबेटरमधून काढायचं असतं, तिने गाइडचं पत्र आणायचं, गाइडने विभागप्रमुखाचं, आणि विभागप्रमुख शनिवारी मुंबईला गेलेले असतात. बॅक्टेरियांना शिस्तपालन समितीपुढे उभं करायची सोय नाही, नाहीतर तेही झालं असतं.

गणपतीत निवांत राहाल असं वाटेल. वसतिगृह निम्मं रिकामं होतं खरं. पण पंप चालवणारा, मेसवाला आणि वॉचमन तिघेही गावी गणपती आणतात, आणि मराठवाड्यातली, विदर्भातली पोरं इथेच असतात. त्यांना पाणी कोण सोडणार? पूर्णवेळ वॉर्डन.

मेसबद्दल एवढंच, की उकड्या तांदळाच्या भातावरून झालेल्या भांडणात कुणाचीही बाजू घेऊ नका.

आता मुख्य विद्या, चौकशी कशी करावी. हिचं ताजं उदाहरण देतो, गेल्या महिन्यातलंच.

दुसऱ्या मजल्यावर एका वरिष्ठ संशोधक विद्यार्थ्याच्या खोलीत एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर इंडक्शन, बादलीत कॉइल आणि वर इस्त्री असा संसार चालला होता. एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारा खटका, सारखा पडायचा, तर या विद्वानाने त्याच्या बगलेतून तार ओढून तो कायमचा गप्प केला. मग एके रात्री एकच्या पुढे बोर्डाने पेट घेतला. नशीब, कुणी भाजलं नाही. मी पोचलो तेव्हा अख्खी विंग काळोखात होती. टॉर्चच्या उजेडात भिंतीवर बोर्डाच्या जागी वितळलेल्या प्लॅस्टिकचा काळा गोळा लोंबत होता आणि खाली इंडक्शनवर तवा, तव्यात रवा लावलेल्या बांगड्याच्या तुकड्या, एका बाजूने छान खरपूस. दुसरी बाजू कच्ची राहिली होती, लाइट गेली ना. आमचा वॉचमन म्हणाला, "सर, वायरीचा वास सकाळपर्यंत जाईल, बांगड्याचा काय जायचा नाय."

तर तुम्हाला पहिला सल्ला: खोली कुणाची हे विचारू नका. मी विचारलं. खोली दोघांची, इंडक्शन कुणाचंच नव्हतं, ते मागच्या बॅचचं कुणीतरी ठेवून गेलं होतं, आणि बांगडा बहुधा स्वतःच वर चढून आला होता. संपूर्ण विंगमध्ये एकाच मुलाने लेखी सांगितलं. समोरच्या खोलीतला, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा, लातूरकडून आलेला. त्याने सांगितलं, कारण त्याला खरंच वाटत होतं की लेखी विचारलं तर लेखी सांगायचं असतं.

त्याच आठवड्यात त्याची गादी गॅलरीत सापडली, पागोळ्यांखाली. मेसच्या टेबलावर तो बसला की बाकीचे उठायचे. रात्री साडेअकराला त्याला 'ओळख द्यायला' बोलावणं यायचं, वर्ष सुरू होऊन कितीतरी दिवस झालेले असताना. त्याने हेही लिहून दिलं. तारीखवार.

आता कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राचा 1999 चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा म्हणतो की दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्याला काढून टाकायचं आणि पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश द्यायचा नाही. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, आणि त्याने ती टाळली तर त्याने गुन्ह्याला साथ दिली असं धरायचं. एवढं स्वच्छ लिहिलंय. दरवर्षी प्रवेशाच्या वेळी प्रत्येक पोराकडून आणि पालकाकडून आपण रॅगिंग करणार नाही असं हमीपत्रही घेतलं जातं. ती हमीपत्रं माझ्या कपाटात आहेत, कोकणातल्या हवेने त्यांना छान बुरशी धरली आहे.

आणि घडतं काय? फोन घडतात. पहिला त्या वरिष्ठ संशोधकाच्या गाइडचा: "अहो सर, त्याचा थिसिस सबमिट व्हायचाय, सांभाळून घ्या." दुसरा कुठल्याशा साहेबांच्या पीएचा: "साहेबांनी सांगितलंय, आपला माणूस आहे." तिसरा माझ्याच एका सहकाऱ्याचा, जो स्टाफरूममध्ये मूल्यशिक्षणावर बोलतो: "गरीब घरचा पोरगा आहे हो, करिअरचा प्रश्न आहे." चौथा फोन करणाऱ्याने नाव सांगितलं नाही, पण मी कुठे राहतो ते त्याला माहीत आहे एवढं सांगितलं. मी म्हटलं, ते नोटीस बोर्डावरच लावलंय.

समिती बसली. चहा आला, कांदाभजी आली. रॅगिंग हा शब्द इतिवृत्तात नको असं सगळ्यांचं झटकन एकमत झालं, तो लिहिला की पोलिसात जावं लागतं. मग 'गैरसमज' लिहायचं ठरलं. शेवटी ठराव: 'दोन्ही विद्यार्थ्यांना समज देण्यात आली. प्रकरण सामोपचाराने मिटले.' दोन्ही! एकाने विंग पेटवली, दुसऱ्याने ते सांगितलं, आणि दोघांना सारखीच समज. मी वेगळं मत नोंदवायला मागितलं, तर अध्यक्ष म्हणाले, "सर, तुम्ही फार मनाला लावून घेता." दुसऱ्या दिवशी मलाच कारणे दाखवा नोटीस: वसतिगृहात अनधिकृत विद्युत उपकरणे असल्याचे आपल्या निदर्शनास का आले नाही, तीन दिवसांत खुलासा करावा. मी खुलाशाला तपासणीच्या जुन्या नोंदी जोडल्या, जप्त केलेल्या इंडक्शनची यादी जोडली आणि ती परत द्यायला सांगणाऱ्या तोंडी आदेशांच्या तारखाही जोडल्या. त्याला उत्तर नाही.

पोरगं पुढच्या आठवड्यात खोली सोडून गेलं. खाडीपलीकडच्या वाडीत भाड्याने राहतंय, प्रॅक्टिकलला एसटीने येतं, आणि शेवटची गाडी चुकली की लॅबमध्येच थांबतं. तो कुणाशी भांडला नाही. मला म्हणाला, "जाऊ द्या सर." सोडताना हिशेबनिसाने त्याच्या डिपॉझिटमधून जळालेल्या वायरिंगचा वाटणीचा खर्च कापला, कारण नुकसान सामायिक धरलं होतं आणि तो त्या विंगचा रहिवासी होता. वरिष्ठ संशोधक त्याच खोलीत आहे. नवीन बोर्ड बसवून दिलाय त्याला. चांगल्या कंपनीचा.

माझे सल्ले इथे संपले. हे बसून लिहिताना मला हसू यायला हवं होतं, येत नाहीये.

तुम्ही फोन करता ना, तुमच्याशीच बोलतोय. भाचा आहे, शेजाऱ्याचा आहे, समाजाचा आहे, कार्यकर्ता आहे म्हणून करता. ज्या पोराची गादी पावसात टाकली त्याच्यासाठी तुमच्यातल्या एकानेही फोन केला नाही. त्याचं करिअर नाही का? त्याचा बाप गरीब नाही का? 'पोरं आहेत, चालायचंच' म्हणता. 2009 मध्ये हिमाचलमध्ये मेडिकलला शिकणाऱ्या अमन काचरूचा रॅगिंगमध्ये जीव गेला, तेव्हा कुठे देशभराची हेल्पलाइन आली आणि हे नियम कडक झाले. तिथेही आधी कुणीतरी चालायचंच म्हणालं असेल. तुम्ही सांगता आम्ही तर फक्त शब्द टाकला. तुमच्या त्या शब्दामुळे समितीतला प्रत्येक माणूस मान खाली घालून सही करतो, आणि मग महिन्याभराने तुम्हीच लग्नाच्या पंगतीत बसून म्हणता, विद्यापीठात काही शिस्त राहिली नाही.

समितीतल्या सहकाऱ्यांनो, तुम्हालाही सांगतो. भजी खाताना तुम्हाला कायदा माहीत होता. सात दिवस माहीत होते. तुमच्या मुली पुण्यात, बंगलोरला हॉस्टेलवर आहेत. उद्या तिकडच्या रेक्टरने तुमच्या पोरीला आणि तिला त्रास देणाऱ्याला शेजारी बसवून सारखीच समज दिली, तर तुम्ही रात्रीची कोकण रेल्वे पकडून त्याच्या दारात उभे राहाल. मग इथे तोंडं का शिवली?

आणि मुलांनो, तुमच्याबाबत कुणी समिती बसवायचा घोळ घातला तर वाट बघू नका. 1800-180-5522, रॅगिंगविरोधी हेल्पलाइन, चोवीस तास. तिथे नोंदवलेल्या तक्रारीचा पाठपुरावा होतो, तिला इथे बसून गैरसमज म्हणता येत नाही. आणि माझा नंबर मजल्यावर आहेच.

त्या मुलाचे डिपॉझिटमधून कापलेले पैसे परत द्या. हे मी लेखी दिलंय, आवक शिक्का मारून घेतलाय. पुढच्या वेळी माझ्याकडे शब्द टाकायचा असेल तर तोही लेखी आणा, नाव, हुद्दा, सही. मी शिक्का मारून पोच देईन.