'तीनच्या वर स्पीड देत नाहीत' या रिव्ह्यूला कॅफेचं उत्तर

नमस्कार भाऊ,

दोन स्टार दिलेत, हरकत नाही. एसी आणि खुर्च्यांबद्दल चांगलं लिहिलंत, त्याबद्दल आभार. पण 'हार्ट्स ऑफ आयर्न ४' या दुसऱ्या महायुद्धाच्या कॉम्प्युटर गेमचा डाव आम्ही मुद्दाम रेंगाळत ठेवतो, तास वाढवून बिल फुगवतो आणि मशीन जुनी आहेत, असंही लिहिलंत. हे सगळं भुसावळ वाचणार, म्हणून जरा सविस्तर.

आधी बिल. रविवारच्या टेबलाचा दर डावावर आहे, तासावर नाही. काउंटरमागच्या पाटीवर तेच लिहिलंय, तुमच्या पावतीवरही. डाव लांबला तर वीज माझी जळते. मे महिन्यात इथे दिवसभर एसी चालवायचा म्हणजे काय, हे भुसावळकराला मी काय सांगू!

आता स्पीड. गेममध्ये एक ते पाच असे वेग असतात, पाच सगळ्यात जलद. या गेमचं घड्याळ तासातासाने पुढे सरकतं. १ जानेवारी १९३६ पासून १९४५ संपेपर्यंत ८७,६७२ तास होतात आणि प्रत्येक लढाईचा हिशेब दर तासाला होतो. १९३६ मध्ये फौजा थोड्या, म्हणून घड्याळ पळतं. १९४१ उजाडेपर्यंत नकाशावर डिव्हिजनांची, म्हणजे फौजेच्या तुकड्यांची, एवढी गर्दी होते की नवीकोरी मशीनही जड चालते. पाचवर ठेवलं तरी गेम प्रोसेसरला झेपेल तेवढाच पळतो.

त्यात तुम्ही पाच जण. मल्टिप्लेअरमध्ये तोच हिशेब प्रत्येक मशीनवर वेगळा होतो आणि सगळ्यांचा जुळावा लागतो. पंगतीत शेवटच्याचं आटोपल्याशिवाय कुणी उठत नाही, तसंच. तुमच्या मित्राने स्वतःचा लॅपटॉप आणला होता, चार्जर घरी विसरून. बॅटरीवर त्याचा प्रोसेसर मंदावला की आमच्या चारही मशीन त्याच्यासाठी थांबायच्या. आम्ही पाचवी मशीन देत होतो, पण त्याला स्वतःचाच कीबोर्ड हवा होता. असो.

तीनची मर्यादा मात्र माझी आहे आणि ती राहणार. युद्ध पेटेपर्यंत आपण चारवरच होतो, हे रिव्ह्यूत राहून गेलं. ७० दिवसांचा फोकस (देशाचं पुढचं धोरण) लावून बसल्यावर बघण्यासारखं असतंच काय? १ सप्टेंबर १९३९ ला पोलंडवर हल्ला झाला, तेव्हा मी तीनवर आणलं.

आणि तीनचा फायदा सगळ्यात जास्त तुम्हालाच झाला, भो! सोव्हिएत तुमच्याकडे होतं. जून १९४१ मध्ये जर्मनीवाल्याने दोन बाजूंनी रणगाडे घालून मिन्स्कपाशी तुमची फौज कोंडायला घेतली, तेव्हा तुम्ही फिनलंडच्या सीमेवर डिव्हिजन लावत होता. नकाशा सरकवून खाली येईपर्यंत कोंडी झालीसुद्धा. तरी मागच्या फळीतल्या डिव्हिजन नीपर नदीवर आणून उभ्या करायला वेळ मिळाला. पाचवर असतो तर तुम्ही कीव्ह गेल्यावरच मान वर केली असती. पुढे जर्मन रणगाडे रसदीअभावी अडकले. २०२१ च्या अपडेटपासून रसद रेल्वेने डेपोपर्यंत येते आणि तिथून पुढे वाटली जाते. रूळ पुढे सरकले नाहीत तर रणगाडे जागच्या जागी. जंक्शनच्या गावातल्या पोरांना हे लगेच कळतं. तुम्ही तिथे उलटा हल्ला केलात, तो बघायला शेजारच्या टेबलावरचे उठून आले होते. फास्ट स्पीडला ती फट कुणाला दिसली असती?

तरी पाचवरच खेळायचं असेल तर मंगळवार ते गुरुवार दुपारी एकट्याने बसा. स्पीड आणि पॉज दोन्ही तुमच्या हातात, दर मात्र तासाचा. ग्रुपला घाई असेल तर १४ ऑगस्ट १९३९ पासून सुरुवात करता येते, शांततेची साडेतीन वर्षं वाचतात.

तुमचा अर्धवट डाव आमच्या मुख्य मशीनवर सेव्ह करून ठेवलाय. पुढे खेळायचं असेल तर शनिवारपर्यंत फोन करा, नाहीतर रविवारचं टेबल चाळीसगावच्या ग्रुपला देतो.