सड्याचं सर्वेक्षण मे महिन्यातच करा

तर तुम्हाला आंबोलीकडच्या एखाद्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या कातळपठारावर, बॉक्साइट शोधायला भोकं पाडायची आहेत, शेजारी राखीव जंगल आहे आणि त्याआधी तिथल्या जीवसृष्टीचं सर्वेक्षण करून द्या म्हणून वरिष्ठांनी सांगितलंय. घाबरू नका. तारीख तेवढी चुकवू नका.

मे महिन्यात जा, तेही दुपारी बारानंतर. तापलेला जांभा, करपलेलं गवत, कडेला एखादी करवंदाची जाळी. फोटो काढा, खाली लिहा : 'ओसाड, खडकाळ, वनस्पती विरळ.' सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला निकामी जमीन, असेल तर उत्तमच. महसूल खातं आयतं साक्षीला उभं.

जूनचं नाव काढू नका. पहिला पाऊस पडला की कातळाच्या खळग्यांत बोटभर पाणी साचतं आणि त्यात आंबोली टोड नावाचा बेडूक अंडी घालायला येतो. विज्ञानाला त्याची ओळख 2009 साली झाली. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लेखी तो अतिसंकटग्रस्त. हे ध्यान एकदा अहवालात शिरलं की भोकाची जागा हलवण्याच्या गोष्टी सुरू होतात. ऑगस्ट-सप्टेंबर त्याहून वाईट. गेंद, सीतेची आसवं ही रानफुलं, दवबिंदू ही कीटक खाणारी वनस्पती, सगळं एकदम पायाखाली. दवबिंदूच्या तांबूस पानावर चिकटलेलं चिलट सुटतंय का, हे बघत उकिडवे बसलात तर दिवस गेलाच म्हणून समजा.

सरकारही समजूतदार आहे. खाणीच्या पर्यावरण अहवालासाठी केंद्राच्या ठरावीक अटींमध्ये वनस्पती-प्राण्यांची एका हंगामाची माहिती मागतात, पावसाळा सोडून! बेडकांच्या मुलखात पावसाळा सोडून. हे लिहिणारा एकतर सड्यावर कधी फिरकला नसावा, नाहीतर सडा त्याला पुरता ठाऊक असावा.

शिवाय तुमचं तर नुसतं शोधकाम. 2023 मध्ये वन कायदा बदलला. आता वनजमिनीवरचं शोधकाम 'वनेतर वापर' (ज्याला केंद्राची पूर्वमंजुरी लागते) न धरण्याची मुभा केंद्राला, आपल्या अटींवर, आहे. चार बोटं रुंदीचं भोक, त्याचं एवढं काय? रिग, म्हणजे भोक पाडायचं यंत्र, चढवायला रस्ता कापावा लागतो, मागून पाण्याचा टँकर येतो, भोकातून निघालेला गाळ उतारावरून ओढ्यात जातो. पण ते काही भोकाच्या व्यासात मोजत नाहीत.

प्राण्यांच्या यादीत ससा, मुंगूस, कोल्हा, कावळा घाला. यांच्यामुळे सहसा कुणाचं काही अडत नाही. दगड उलटू नका, खाली देवगांडूळ, म्हणजे बेडकाचा बिनपायांचा भाऊबंद, निघेल. गव्याचं शेण दिसलं तर गुरांचं समजा. कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावाच, पण रिगच्या शेडजवळ. फोटोत कामगार येतील, माणसाचा वावर सिद्ध होईल.

उतरवून काढायचंच असेल तर निदान शेजारच्या तालुक्यातला अहवाल घ्या. रत्नागिरीतल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीचा मजकूर जसाच्या तसा आला आणि कोकणातली पाखरं स्प्रूस-बर्चच्या जंगलात राहायला गेली. ऐन, किंजळ लिहायला असे किती कष्ट पडले असते?

एखादा गुराखी आडवा येईलच. म्हणेल, "सायबानू, पावसात येवा, मगे बघा हय काय काय असता ता." त्याला चहा पाजा, वहीवर सही घ्या आणि अहवालात लिहा : 'स्थानिकांशी सविस्तर चर्चा झाली.'