ग्लासगोतून पाहिलेले सिंहगड रस्त्याचे पाणी

जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत, गुलेन बॅरी सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले आणि संशयितांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली. तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात दोन तट पडले. एक तट कोंबडीला दोष देत होता, दुसरा पाण्याला. मात्र प्रतिकारशक्ती वाढवा, हळद-आल्याचा काढा घ्या, या सल्ल्यावर दोघांचेही एकमत होते. कोविडपासून हा सल्ला आपल्याकडे सगळ्या रोगांवरचा उतारा होऊन बसला आहे. संसर्गजन्य रोग आणि प्रतिकारशक्ती या विषयावर इथे स्कॉटलंडमध्ये, ग्लासगो विद्यापीठात झालेल्या एका संशोधन परिसंवादाला जाऊन आल्यापासून मला तो नुसता निरुपयोगीच नव्हे, तर सोयीस्करही वाटू लागला आहे. सोयीस्कर अर्थातच महापालिकेला.

मी या शास्त्रातला नाही, पण जीबीएसचे कोडे सोडवण्यात जपानच्या नोबुहिरो युकी यांच्याबरोबरच या विद्यापीठातील ह्यू विलिसन यांचाही मोठा वाटा आहे, हे ठाऊक असल्यामुळे गेलो होतो. चहा नेहमीप्रमाणे पांचट होता, पोस्टर मात्र पाहण्यासारखी होती. पीएचडी करणाऱ्या एका मुलीने दोन शर्करासाखळ्या, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या साखळ्या, शेजारी शेजारी काढल्या होत्या: डावीकडे दूषित पाण्यातून किंवा अर्धकच्च्या कोंबडीतून पोटात जाणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूच्या आवरणावरची, उजवीकडे माणसाच्या मज्जातंतूवरची. पिवळे वर्तुळ, पिवळा चौकोन, पुन्हा पिवळे वर्तुळ आणि त्याला बाजूने चिकटलेली, पत्त्यांतल्या चौकटसारखी जांभळी आकृती. टोकाकडून पाहिले तर दोन्ही साखळ्या हुबेहूब सारख्या. जिवाणूशी लढण्यासाठी तयार झालेली प्रतिपिंडे या साधर्म्यामुळे आपल्याच मज्जातंतूंवर चालून जातात आणि रुग्णाच्या हातापायांतले बळ जाऊ लागते. या जिवाणूची बाधा झालेल्या साधारण हजारांत एखाद्यालाच हे होते, पण होते ते प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून नव्हे. ती जोमाने कामाला लागते आणि भलत्यावरच तुटून पडते. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणे हे उपचारही तिला चेव आणण्यासाठी नसून आवर घालण्यासाठी असतात. अशा रोगात काढ्याचा सल्ला देणारा माणूस नागरिकाच्या शरीरावर जी जबाबदारी टाकतो, ती खरे तर जलवाहिनीची आहे.

ग्लासगोला ही जबाबदारी शहाणपणाने नव्हे, तर भीतीने कळली. 1832, 1848-49 आणि 1853-54 या पटकीच्या साथींत हजारो माणसे दगावल्यावर शहराने डोंगरातल्या लॉख कॅट्रिन सरोवराचे पाणी आणले. 1859 मध्ये ते सुरू झाले आणि 1866 ची साथ इथे फारशी पसरलीच नाही. आज मी माझा पोस्टकोड घातला, की माझ्या भागातल्या पाण्याच्या तपासणीचा अहवाल मला वाचता येतो.

याचा अर्थ इथे सारे आलबेल आहे असा नाही, आणि ‘आमच्याकडे पाहा’ हा परदेशस्थांचा सूर मला स्वतःलाही सहन होत नाही. मे 2024 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिक्सहॅमच्या नळांतून क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब घडवणारा परजीवी घरोघरी पोहोचला आणि हजारो कुटुंबांना पाणी उकळून पिण्याची वेळ आली. कोंबडीचे म्हणाल, तर ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने 2014-15 मध्ये दुकानांतल्या कोंबड्या तपासल्या, तेव्हा 73 टक्के कोंबड्यांवर कॅम्पिलोबॅक्टर सापडला. फरक इतकाच, की ते आकडे मोठमोठ्या सुपरमार्केटच्या नावांनिशी छापले गेले आणि त्या साखळ्यांना ग्राहकांपुढे उत्तर द्यावे लागले.

पुण्याकडे काय नव्हते? राष्ट्रीय विषाणू संस्था शहरातच आहे. रुग्णांचे शौचनमुने तपासले गेले. काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी, काहींत नोरोव्हायरस आढळला. निदानाच्या बाबतीत आपण कोणाहून मागे नव्हतो. उणीव तपासणीच्या आधीच्या टप्प्यात होती. नांदेड, किरकटवाडी ही गावे 2021 मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली, खडकवासला धरण त्यांच्या उशाशी, आणि तरीही लोकांच्या नळाला येत होते ते शुद्धीकरण केंद्रातून न गेलेले, केवळ क्लोरीन मिसळलेले विहिरीचे पाणी. धायरीला राहणारी माझी आत्या तेव्हापासून जार विकत घेते. साथीतच महापालिकेने खासगी आरओ प्रकल्पांना टाळे ठोकले होते, तेव्हा त्या जारचा तरी भरवसा काय, असे विचारले तर ती म्हणते, “अरे, मग प्यायचं तरी काय?”

यावर श्रीमंत देशाशी तुलना नको, असे उत्तर हमखास येते. पण 1859 चे ग्लासगो श्रीमंत असले, तरी त्यातले कामगार गलिच्छ, दाटीवाटीच्या खोल्यांत राहत होते, आणि त्यांच्यापर्यंत पाणी पोहोचल्यानंतर वर्षभरातच, 1860 मध्ये, मुंबईलाही विहार तलावाचे पाणी मिळू लागले होते. अक्कल आणि अभियांत्रिकी आपल्याकडे तेव्हापासून आहे. म्हणून माझी मागणी साधी आहे: नळाच्या पाण्यात क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम उरले पाहिजे, हे भारतीय मानक आहेच. त्याचे रोजचे आकडे पुणे महापालिकेने प्रत्येक प्रभागासाठी मराठीत जाहीर करावेत, आणि सुरुवात नव्याने हद्दीत आलेल्या गावांपासून करावी.