घोड्याची घोंगडी आणि केळ्याचे शिकरण

नोकरीनिमित्त बेल्जियममधल्या लूवेनला येऊन दोन वर्षे झाली, तरी बिअर ही प्यायची वस्तू आहे अशीच माझी भाबडी समजूत होती. ती हुंगायची आणि तिच्यावर लेखी उत्तर द्यायची वस्तू आहे, हे गेल्या शनिवारी एका सहकाऱ्याच्या घरी सात जणांदेखत हातात छापील तक्ता आणि पेन्सिल पडली, तेव्हा कळले. रंग, फेस, वास, चव असे रकाने होते; दहावीच्या तोंडी परीक्षेनंतर तळहाताला असा घाम सुटल्याचे मला आठवत नाही.

पहिली बाटली अँटवर्पजवळच्या मठातल्या वेस्टमाल ट्रिपलची. तिथले ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती पंथाचे मठवासी ही बिअर १९३४ पासून बनवत आले आहेत. मद्यार्क ९.५ टक्के, म्हणजे नेहमीच्या साध्या लागर बिअरच्या जवळजवळ दुप्पट, पण दिसायला पातळ मधासारखी सोज्वळ. प्याला पाण्याने विसळून तिरका धरायचा, बिअर हळूच ओतायची आणि यीस्टचा गाळ बाटलीच्या तळाशी राहू द्यायचा, ही इथली रीत. पानात काही टाकू नये या संस्कारात वाढल्यामुळे मी बाटली उपडी केली आणि बुडावर दोन थापट्या मारल्या. सोनेरी बिअर ताकासारखी गढूळ झाली आणि फेस प्याला ओलांडून पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर पसरला. यजमान काही बोलला नाही. त्याने माझ्या प्याल्याखाली फक्त एक बशी सरकवली.

मग वासाचा रकाना आला. नाक खुपसले तर पिकलेले केळे आणि त्यामागून लवंग. लवंग म्हटले की मला दाढदुखी आठवते, आणि केळ्याचे पुढे काय होते हे आमच्या घरात ठरलेले आहे. म्हणून मी प्रामाणिकपणे 'शिकरण' असे लिहिले, तेही देवनागरीत, कारण त्याला दुसरा शब्द नाही. या बिअरमध्ये केळे पडत नाही आणि लवंगही नाही, दोन्ही वास आंबताना यीस्टच निर्माण करते, हे शेजाऱ्याने मला अत्यंत सौम्यपणे समजावले. माणूस इतका सौम्य झाला की आपण नापास झालो आहोत हे ओळखावे.

दुसरी बाटली ओर्वालची. तिच्यात बाटलीत भरताना ब्रेटानोमायसेस नावाचे रानटी यीस्ट घालतात. समोरच्या गृहस्थांनी डोळे मिटून "घोड्याच्या पाठीवरची घोंगडी" असे उद्गार काढले, आणि साऱ्यांनी भक्तिभावाने माना डोलावल्या! म्हणजे ही स्तुती होती. माथेरानला दस्तुरी नाक्यापासून घोड्यावर बसून गेलो, तेव्हा हाच वास मला वाटभर फुकट मिळाला होता आणि मी तो नाकाला रुमाल लावून वाया घालवला.

शेवटी तक्ते मोठ्याने वाचायचे होते. मी "शिकरण" वाचले आणि खुलासा विचारला गेल्यावर केळे, दूध, साखर, वेलची असे घटक सांगितले. शांतता पसरली. घोंगडीवाल्या गृहस्थांनी ट्रिपलचा प्याला पुन्हा नाकाशी नेला, बराच वेळ तसाच धरला आणि गंभीरपणे म्हणाले, "दूध. मागून, अगदी पुसट." त्यांनी ते तक्त्यात लिहिले. त्यांच्या शेजारच्या बाईंनी खोडरबर मागून घेतला.