कोअरच्या संख्येपेक्षा कॅशेकडे पाहावे

घरच्या गेमिंग संगणकासाठी जितके कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) जास्त तितका प्रोसेसर चांगला, असा प्रोसेसर निवडीवरील तुमच्या लेखाचा एकंदर सूर आहे. त्याच्याशी मी सहमत होऊ शकत नाही. बहुतेक गेमना आठापेक्षा अधिक कोअरचा फारसा लाभ होत नाही, कारण गेमचे मुख्य काम एक-दोन थ्रेडवरच (एका वेळी एका कोअरवर चालणाऱ्या कामाच्या धाग्यांवरच) अडून राहते आणि त्यासाठी लागणारी माहिती मेमरीतून येईपर्यंत कोअर नुसता ताटकळत बसतो. एएमडीने एप्रिल २०२२ मध्ये विक्रीस आणलेल्या रायझेन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरमध्ये आठच कोअर होते, पण चिपवर आणखी एक थर चढवून एल३ कॅशे (प्रोसेसरमधलीच छोटी पण वेगवान मेमरी) ३२ वरून ९६ मेगाबाइटपर्यंत वाढवली होती आणि साध्या ५८००एक्सपेक्षा क्लॉकचा वेग कमी असूनही अनेक गेममध्ये तो सरस ठरला. अर्थात हा फरक तगडे ग्राफिक्स कार्ड आणि १०८०पी मॉनिटर असतानाच ठळकपणे दिसतो; त्याहून जास्त रिझोल्यूशनच्या ४के वर बहुधा कार्डच आधी दमते. म्हणून मर्यादित बजेट असणाऱ्यांनी रायझेन ५ ५६०० सारखा सहा कोअरचा प्रोसेसर घेऊन उरलेले पैसे कार्डात घालावेत, असे माझे मत आहे. सॉकेटविषयी (मदरबोर्डवर प्रोसेसर बसवायच्या खाचेविषयी) मात्र लेखात एक ओळही नाही, याचे नवल वाटले. ५६०० ज्यावर बसतो त्या एएम४ सॉकेटवर डीडीआर४ मेमरी चालते, तर त्यानंतरच्या एएम५ वर केवळ डीडीआर५. म्हणजे आज एएम४ घेऊन वाचवलेले पैसे पुढे मदरबोर्ड आणि मेमरी दोन्ही बदलताना मोजावे लागतील.