दचक

परळच्या बसस्टॉपवर मागून आलेल्या मोटारसायकलने प्रेशर हॉर्न थेट कानात ओतला आणि माझ्या हातातला कटिंग चहा शर्टावर गेला. एवढंच झालं. पण रांगेतल्या एका काकांना तेवढं पुरेना.

"घाबरले!" त्यांनी जाहीर केलं. मग रांगेत नवा माणूस आला की त्याला माझा प्रयोग दाखवायचा. दोन्ही हात वर, आ वासलेला, फूटभर उडी. चौथ्या प्रयोगाला उडी दीड फुटावर गेली.

"काका, दचकलेला माणूस उडत नाही, आवळला जातो." पिस्तुलाच्या बारावर दचकणारी माणसं लँडिस आणि हंट या मानसशास्त्रज्ञांनी वेगवान कॅमेऱ्याने टिपली, १९३९च्या त्यांच्या पुस्तकात क्रमच दिलाय. आधी डोळे मिटतात, मग मान पुढे, खांदे वर, कोपरं दुमडतात, मुठी वळतात, गुडघे वाकतात. पापणी तर ४० मिलिसेकंदांच्या आसपासच हलते. आवाज मेंदूच्या बुंध्यातून परस्पर स्नायूंकडे जातो. घाबरायचं का, हे विचारायला वरच्या मजल्यावर कोणी चढत नाही.

"म्हणजे घाबरलातच. त्यात तुम्ही आधीपासून चिडलेले. चिडकी माणसं जास्त दचकतात."

चिडलो होतो, मान्य. बसचा पत्ता नव्हता. पण भीतीचं शेपूट रागाला कशाला? भीतीने दचक वाढते, हे पक्कं. भेसूर चित्र दाखवून कानात ५० मिलिसेकंदांचा खरखराट सोडला, की डोळ्याखाली चिकटवलेल्या दोन इलेक्ट्रोडवर पापणीचा झटका मोठा उमटतो; गोड चित्रावर लहान. राग एवढा सरळ नाही. तोही कडूच, पण भ्यालेला मागे सरतो आणि चिडलेला बाह्या सारून पुढे. म्हणून रागाचा झटका भीतीच्या मापाने मोजता येत नाही.

"बीपी बघून घ्या," काका म्हणाले.

एकामागून एक वेगळे सूर काढणारे हॉर्न मोटार वाहन नियमांत बसत नाहीत. त्या मोटारसायकलवाल्याला कोणी हूं की चूं केलं? खटला माझ्यावर!

"मी नाही हललो बघा. रोज इथंच उभा असतो."

हेच तर! तोच आवाज पुन्हा पुन्हा आदळला की दचक बोथट होते. याला शौर्य नाही, सवय म्हणतात. तेही सांगितलं.

तेवढ्यात पिशवी सावरत एक बाई रांगेत लागल्या. काकांनी घसा खाकरला. डोळे मिटले, मान पुढे, खांदे वर, कोपरं दुमडलेली, मुठी वळलेल्या. क्रम अगदी बरोबर.

उडी मात्र त्यांनी ठेवलीच.